सर्वांबरोबर एकाच वर्गात

कसमादे पट्ट्यातील देवळा तालुका म्हटला म्हणजे उन्हाळ कांदा, उमराण्याचा बाजार आणि गिरणाकाठची शेती डोळ्यांपुढे उभी राहते. लागवडीच्या दिवसांत घरातील कर्ती माणसे दिवसभर शिवारात असतात. अशा वेळी दोन वर्षांचे होऊनही न बोलणारे, हाकेला वळून न पाहणारे मूल आजीच्या स्वाधीन असते. “याचा बापही उशिराच बोलू लागला होता,” असे म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो; परंतु मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते तो काळ हातचा निघून जातो.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, विशिष्ट अध्ययन अक्षमता या अवस्थांना विकासात्मक दिव्यांगत्व असे संबोधले जाते. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, गुणसूत्रांतील दोष अशी काही कारणे ज्ञात आहेत. कित्येकदा मात्र कारण सापडत नाही. हा रोग नव्हे, त्यामुळे औषधाने तो ‘बरा’ होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. योग्य शिक्षणाने मूल पुढे जाते, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके चांगले.

येथे अंगणवाडी सेविकेचे स्थान महत्त्वाचे ठरते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज गावोगावी पोचली आहे. बाळाने मान केव्हा धरली, आधाराविना केव्हा बसले, दीड वर्षाचे होऊनही चालत नाही काय, हे वजनाच्या नोंदीबरोबरच सेविकेला विचारता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली.

“अशा मुलांना शिकविणे आमचे काम नव्हे, त्यासाठी तज्ज्ञ हवेत,” असे काही शिक्षक म्हणतात. त्यांनी एक इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. अंगणवाडीत मुले हाताळतात त्या प्रकारची साधने मारिया माँटेसरी यांनी प्रथम रोम येथे बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी उपयोगात आणली. त्यांचा गुण पाहूनच १९०७ साली त्यांनी कामगार वस्तीत सर्वसामान्य मुलांचे बालगृह काढले. पुढे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे व नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने ही पद्धती खेड्याला परवडेल अशा रूपात आणली. महागड्या उपकरणांच्या जागी बिया, खडे, शिंपले आले. ज्या मुलांसाठी ही साधने घडली, त्यांनाच त्या वर्गाबाहेर ठेवणे विचित्र नव्हे काय? प्रस्तुत लेखकालाही हा संबंध बराच काळ ठाऊक नव्हता.

वर्गातील उपाय फारसे खर्चाचे नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास ‘दप्तर आवर’ ही एकच आज्ञा अवघड जाते; पुस्तक ठेव, पाटी ठेव, बंद लाव अशा पायऱ्या केल्या, आणि त्या रोज त्याच क्रमाने घेतल्या, तर ते शिकते. स्वमग्न मुलास घंटेचा कर्कश आवाज असह्य होऊ शकतो. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर मांडल्यास पुढे काय होणार हे त्यास कळते व त्याची अस्वस्थता पुष्कळ कमी होते. मेंदूच्या पक्षाघाताने हात आखडलेल्या मुलाची बुद्धी अनेकदा शाबूत असते. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड करून द्यावी, उत्तर तोंडी घ्यावे. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात तेथे हे सोपे नाही, हे मान्यच करावयास हवे. म्हणून शेजारी बसणाऱ्या सवंगड्याची मदत घ्यावी आणि समग्र शिक्षा अभियानाखालील विशेष शिक्षकांचा सल्ला गट साधन केंद्रातून मागवावा.

काही मुलांना विशेष शाळेची गरज राहतेच. नाशिक येथे रजनीताई लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेल्या प्रबोधिनीने या क्षेत्रात मोठे काम केले आहे. परंतु देवळ्याहून रोज नाशिकला जाणे चिमुकल्यास शक्य नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेने प्रवेशात भेदभाव करता कामा नये. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मात्र पटावर नाव आणि मूल घरी, असा प्रवेश काय कामाचा?

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाची असते. ती वर्षअखेरीस घाईने वाटून टाकण्यापेक्षा अशा मुलांच्या ये-जा व साहित्यासाठी काही वाटा योजता येईल काय, हे सदस्यांनी ग्रामसभेत मांडावे. तपासणी पथकाच्या भेटीची तारीखही आठवडाभर आधी वस्त्यांवर कळवावी. ती कांदा लागवडीच्या दिवसांत आली तर आई-बाप पहाटेच शेतात गेलेले असतात, आणि न बोलणाऱ्या मुलाची हकिगत पथकाला सांगणारे घरी कोणीच नसते.