लग्नाची डीव्हीडी : कशी घडली, कशी वाचवायची?

परभणी : लग्न, मुंज, बारसे यांचे चित्रण असलेली एखादी डीव्हीडी शहरातील अनेक कपाटांत आजही जपून ठेवलेली असते. मात्र ती वाजवणारा प्लेअर घरात उरलेला नसतो आणि डिस्कही कायम टिकणारी नसते. त्यामुळे ही डिस्क कशी तयार होत असे, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

हे तंत्र घरगुती संगणकावर आले ते २००१ च्या सुमारास. त्यापूर्वी डीव्हीडीची रचना करणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठी हजारो डॉलर मोजावे लागत. जानेवारी २००१ मध्ये ॲपलने डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हसह 'आयडीव्हीडी' आणले. पाठोपाठ विंडोजवर युलीडचे 'डीव्हीडी मूव्हीफॅक्टरी', सॉनिकचे 'मायडीव्हीडी', 'नीरो व्हिजन एक्स्प्रेस' असे पर्याय उपलब्ध झाले.

तेरा जीबीचे चार जीबी

मिनी डीव्ही कॅसेटवरील एका तासाचे चित्रण संगणकात सुमारे १३ जीबी जागा व्यापते. डीव्हीडीची क्षमता मात्र ४.७ जीबी. म्हणून सॉफ्टवेअर चित्रणाचे 'एमपेग-२' पद्धतीने आकुंचन करते. प्रत्येक चित्र पूर्ण न साठवता आधीच्या चित्रापेक्षा झालेला बदलच प्रामुख्याने नोंदवला जातो. एका तासाचे चित्रण असेल तर दर्जा उत्तम राहतो. तीन तासांचा सोहळा एकाच डिस्कवर बसवला, तर जिथे हालचाल जास्त तिथे चित्र चौकटींत फुटते. अक्षता पडतानाचा क्षण धूसर दिसतो तो यामुळेच. तरीही व्हीसीडीच्या तुलनेत डीव्हीडीत चित्रबिंदू सुमारे चौपट असत.

पुढची पायरी मेनूची. हळद, मंगलाष्टका, पाठवणी असे भाग पाडून रिमोटने हवा तो भाग निवडण्याची सोय केली जाई. शेवटी डिस्क लिहिणे. आकुंचनाला त्या काळच्या संगणकांवर कित्येक तास लागत आणि मराठवाड्यात तर भारनियमन तासन्तास चाले. लिहिताना वीज गेली, की एकदाच लिहिता येणारी डिस्क वाया जाई.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांत 'डीव्हीडी मेकर' अंतर्भूत झाले. मात्र पेनड्राइव्ह आणि इंटरनेटवरील व्हिडीओंमुळे डिस्कची गरज घटत गेली. २०११ पासून नव्या मॅकमध्ये आयडीव्हीडी मिळेनासे झाले, तर २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी मेकर वगळण्यात आले.

आता काय करावे?

घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर नोंदलेली असते. उष्णता, ऊन व दमटपणा यांनी हा थर खराब होतो. परभणीत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो, हे ध्यानात घेतल्यास विलंब परवडणारा नाही.

उपाय सोपा आहे. बाहेरून जोडण्याचा डीव्हीडी ड्राइव्ह संगणकाला लावून डिस्कमधील 'व्हिडीओ_टीएस' हे संपूर्ण फोल्डर कॉपी करावे. त्यातील 'व्हीओबी' फाइल्समध्ये चित्र व आवाज, तर 'आयएफओ' फाइल्समध्ये मेनू आणि भागांची माहिती असते. 'व्हीएलसी' या मोफत सॉफ्टवेअरवर ते पाहता येते. एका ड्राइव्हवर डिस्क वाचली गेली नाही, तर दुसऱ्यावर प्रयत्न करावा. प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

मूळ कॅसेट शिल्लक असल्यास ती टाकून देऊ नये. आकुंचनात गेलेला तपशील डीव्हीडीतून परत मिळत नाही, तो कॅसेटवरच असतो.