थंडीच्या रात्री पिकाला पाणी : ऊब मिळते कोठून आणि जाते कोठे?



डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील थंड, कोरडे वारे वाहू लागले की निफाडचा द्राक्ष बागायतदार आणि रावेर-यावलचा केळी बागायतदार दोघेही पहाटेच्या पाऱ्याकडे लक्ष ठेवून असतात. अशा वेळी ‘रात्री पाणी द्या’ असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे. मात्र पाणी कसे व केव्हा दिले यावर फायदा की नुकसान हे ठरते. त्यासाठी पाण्याचे तीन गुणधर्म समजून घ्यावेत.

१) पाणी थंड होताना उष्णता देते

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या मातीला सुमारे ०.२ किलोकॅलरी पुरते. म्हणून कोरडी जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते आणि निवताना साठविलेली उष्णता परत देते.

हिवाळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी साधारण २० ते २५ अंश तापमानाचे असते. एक एकरात एक इंच पाणी दिले तर ते सुमारे एक लाख लिटर होते. हे पाणी २२ अंशांवरून १२ अंशांपर्यंत निवले, तर दहा लाख किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एवढी उष्णता मिळविण्यासाठी शंभर लिटरहून अधिक डिझेल जाळावे लागेल! यातील काही भाग जमिनीत मुरतो व काही बाष्पीभवनात खर्च होतो. तरीही पिकाजवळच्या हवेत एक-दोन अंशांचा फरक पडू शकतो आणि कडाक्याच्या पहाटे तोच मोलाचा ठरतो.

२) पाणी गोठताना उष्णता देते

शून्य अंशाचे एक किलो पाणी गोठून शून्य अंशाचाच बर्फ होताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तापमान न बदलता आत-बाहेर होणाऱ्या या उष्णतेला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ही कल्पना मांडली. अमेरिकेतील फ्लोरिडात स्ट्रॉबेरीवर हिमाच्या रात्री तुषार सिंचन सुरू ठेवतात ते याच कारणाने. पाणी गोठत असेपर्यंत फुले शून्य अंशाच्या आसपास राहतात, त्याखाली फारशी जात नाहीत.

३) पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते

गुऱ्हाळात काहिलीतील रस एकदा उकळू लागला की चुलवाणात कितीही जळण घाला, तापमान बराच वेळ शंभर अंशांच्या आसपासच राहते. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास उकळत्या तापमानाला ५४० आणि थंडीतील तापमानाला सुमारे ५९० किलोकॅलरी लागतात. माठातील पाणी गार होते तेही यामुळेच.

येथेच धोका आहे. एक किलो पाणी गोठून मिळते ८० आणि एक किलो पाणी उडून जाताना नेते ५९०. म्हणजे सात किलो पाणी गोठून मिळालेली ऊब एक किलो पाण्याचे बाष्पीभवन पुसून टाकते. कोरडा वारा असताना मध्यरात्री पाने भिजवून तुषार संच बंद केला, तर ओली पाने कोरड्या पानांपेक्षाही थंड होतात. पीक वाचविण्यासाठी दिलेले पाणीच पिकाला मारक ठरते.

पानाचे तापमान हवेपेक्षा कमी

निरभ्र, शांत रात्री पाने व जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हवेचे तापमान शून्यावर असतानाही दवबिंदू गोठतात ते यामुळे. म्हणून बातम्यांतील किमान तापमानावर विसंबू नये. बागेत पिकाच्या उंचीवर स्वतःचा तापमापक टांगावा.

काय करावे?

• थंडीच्या लाटेचा इशारा मिळताच, शक्यतो एक-दोन दिवस आधी, हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती वर सोडते.

• कडाक्याच्या रात्री पाणी पाटाने, सरीने किंवा ठिबकने जमिनीवरच द्यावे. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत पाणी चालू असणे अधिक उपयोगी. विजेची पाळी पाहून नियोजन करावे.

• विहिरीचे पाणी थेट द्यावे. शेततळ्यातील पाणी रात्रभर उघड्यावर निवलेले असते.

• द्राक्षवेलीची पाने व घड भिजवू नयेत. ओलाव्यामुळे केवड्याचा धोका वाढतो.

• भाजीपाल्यावर तुषार सिंचन करावयाचेच असल्यास सूर्य वर येऊन हवा तापेपर्यंत ते बंद करू नये. तेवढा पाणीपुरवठा नसेल किंवा कोरडा वारा असेल, तर सुरूच करू नये.

• या दिवसांत आंतरमशागत टाळावी. भुसभुशीत मातीतील हवेमुळे खालची उष्णता वर येत नाही.

• गहू व हरभऱ्यास थंडी मानवते. केवळ थंडी आहे म्हणून त्यांना जादा पाणी देऊ नये. हरभऱ्यात जादा ओलाव्याने मुळे कुजतात.

थोडक्यात, जमिनीवर वाहणारे पाणी ऊब देते आणि पानावरून उडणारे पाणी ऊब नेते. एवढे लक्षात ठेवून थंडीच्या रात्रीचे नियोजन केल्यास पाणी, वीज आणि पीक तिन्ही वाचतील.