भूमीचे ऋण व त्याची फेड

लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येस वेळ अमावास्येचा सण होतो. बोलीत त्यास ‘येळवस’ म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलून जातात. कडब्याची कोप उभारून तीत पांडवांचे दगड मांडतात, भज्जी, आंबील व उंडे यांचा नैवेद्य दाखवितात आणि उभ्या पिकात आंबील शिंपडतात. रब्बीची ज्वारी अद्याप खळ्यावर आलेली नसते. सुगीपूर्वीच भूमीचा वाटा भूमीस द्यावयाचा, हा या सणाचा विशेष होय.

पोळ्याचा विधी याहूनही बोलका आहे. सणाच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. जूं वाहून जो खांदा घासला गेला, त्यालाच हळद व तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलास जुंपीत नाहीत. ज्या ठिकाणी झीज झाली तेथेच उपचार करावयाचा, असा हा कृतज्ञतेचा शहाणा प्रकार आहे. हाच न्याय जमिनीस लावला, तर तिची झीज कोठे होते हे प्रथम पाहावे लागेल.

झीज कोठे होते?

ज्वारीच्या दाण्यात सुमारे १० टक्के प्रथिने असतात. त्या हिशेबाने दहा क्विंटल दाण्यांबरोबर सुमारे १६ किलो नत्र शेताबाहेर जाते. कडब्यातून जाते ते निराळेच. एक टन चांगल्या शेणखतात साधारणतः ५ किलो नत्र असते, व तेही सर्वच्या सर्व पहिल्याच वर्षी पिकास मिळत नाही. शेणाच्या गोवऱ्या चुलीत गेल्या, उसाचे पाचट पेटविले आणि बांधावरचा काडीकचरा जाळला, म्हणजे जे परत जावयाचे तेच नाहीसे होते. दख्खनच्या पुष्कळशा जमिनींत सेंद्रिय पदार्थ मुळातच कमी आहेत. ते आणखी घटले की भुसभुशीतपणा जातो, पाणी धरून ठेवण्याची शक्ती उणावते आणि पावसाने ओढ देताच पीक माना टाकते. रासायनिक खतांनी पिकास अन्नद्रव्ये मिळतात. परंतु सेंद्रिय पदार्थांची उणीव केवळ त्यांनी भरून निघत नाही.

फेड कशी करावी?

अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. काडीकचरा, गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती, राख व शेण यांचे थर देऊन, ओल राखून व तीन वेळा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट तयार होते. हवा व ओल दोन्ही मिळाल्याने सूक्ष्म जीव कचरा कुजवितात. यास लागणारे साहित्य बहुतेक घरचेच असते.

ज्यांच्या दारी आता बैल नाहीत व नांगरट ट्रॅक्टरने होते, त्यांनाही मार्ग मोकळा आहे. पावसाळ्याच्या आरंभी ताग पेरून तो फुलावर येताच, खोड निबर होण्यापूर्वी, जमिनीत गाडावा. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात. पाचट न जाळता सरीत पसरून कुजवावे. तूर, हरभरा यांसारख्या कडधान्यांचा फेरपालट ठेवावा. २०१५ साली सुरू झालेल्या योजनेतून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेवरून कोणत्या द्रव्याची उणीव आहे ते समजते. तिच्या आधारे खतांची मात्रा ठरवावी.

येळवशीची आंबील मूठभरच असते, व तिने जमिनीची भूक भागत नाही हे शिंपडणारासही ठाऊक असते. ती दिलेल्या वचनाची खूण आहे. उन्हाळ्यात खताची गाडी शेतात रिकामी झाली, म्हणजे त्या वचनाची पूर्तता होते. ज्या शेताने आजोबांस पोसले ते नातवासही पोसावे, अशी इच्छा असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने यंदाच्या सणापूर्वी निदान एक कंपोस्टचा खड्डा भरावा.