लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि थायरॉईड ग्रंथीचे कार्य : एक विवेचन

बीजसंज्ञा : स्थूलता, बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया, टीएसएच, लेप्टिन, लेव्होथायरॉक्सिन

प्रस्तावना :
'थायरॉईडमुळे वजन वाढले' हे विधान प्राध्यापक कक्षापासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते. थायरॉईड संप्रेरकांच्या कमतरतेमुळे वजन काही प्रमाणात वाढते, हे खरे आहे. परंतु वाढलेल्या वजनामुळेही थायरॉईडच्या तपासणीतील आकडे बदलतात, ही या संबंधाची दुसरी बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरते, तेव्हा ही बाजू स्पष्ट होते. शस्त्रक्रियेनंतर थायरॉईडची गोळी चालू ठेवावी, कमी करावी की थांबवावी, या प्रश्नाचे उत्तर याच संबंधाच्या आकलनावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

थायरॉईडचे नियंत्रण :
मानेच्या पुढील भागात असलेली थायरॉईड ग्रंथी मुख्यत्वे टी-४ व अल्प प्रमाणात टी-३ ही संप्रेरके स्रवते. टी-३ हे अधिक क्रियाशील असून त्याचा बहुतांश भाग यकृतासारख्या अवयवांत टी-४ पासून तयार होतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस टीआरएच स्रवतो, त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून टीएसएच बाहेर पडते आणि टीएसएच थायरॉईडला चालना देते. रक्तातील टी-४ व टी-३ कमी झाल्यास टीएसएच वाढते, ती वाढल्यास टीएसएच घटते. म्हणूनच टीएसएच ही थायरॉईडची प्राथमिक तपासणी मानली जाते.

स्थूलता व टीएसएच :
स्थूल व्यक्तींमध्ये टीएसएच किंचित वाढलेले आढळते. अशा वेळी टी-४ सहसा प्राकृत असते आणि टी-३ प्राकृत किंवा थोडे अधिक असते. ग्रंथीच निकामी होत असती तर संप्रेरके घटली असती. याचे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण लेप्टिनमध्ये आहे. १९९४ मध्ये शोध लागलेले हे संप्रेरक मेदपेशींत तयार होते. मेद वाढला की लेप्टिन वाढते, ते हायपोथॅलॅमसमधील टीआरएचला उत्तेजन देते आणि परिणामी टीएसएच वाढते. अर्थात येथे टीएसएचची वाढ हे स्थूलतेचे कारण नसून बहुधा तिचा परिणाम असतो. मात्र रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे असल्यास ग्रंथीचा स्वतंत्र आजार गृहीत धरावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतरचे बदल :
सध्या दोन शस्त्रक्रिया प्रामुख्याने केल्या जातात. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची लहान पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दोन्हींनंतर मेद व लेप्टिन घटते. त्याबरोबर टीएसएच खाली येते, टी-३ देखील उतरते, तर टी-४ बहुधा स्थिर राहते. टी-३ मधील घट ही कमी आहारात ऊर्जा वाचविण्याच्या शरीराच्या प्रयत्नाचाही भाग असते. टीएसएच किंचित वाढलेल्या अनेक रुग्णांचा अहवाल यामुळे प्राकृत होतो. यावरून 'शस्त्रक्रियेने थायरॉईड बरे झाले' असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. ज्यांची ग्रंथी मुळात निरोगी होती, त्यांच्यावरील वजनाचा ताण दूर झाला, एवढाच त्याचा अर्थ होय.

औषधाचा प्रश्न :
ज्यांची ग्रंथी खरोखर निकामी झाली आहे अथवा काढून टाकली आहे, त्यांना लेव्होथायरॉक्सिन कायम घ्यावे लागते. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या बाबतीत दोन परस्परविरोधी प्रक्रिया घडतात. एकीकडे शरीरभार घटल्याने औषधाची गरज कमी होते. दुसरीकडे जठरातील आम्ल कमी झाल्याने व बायपासमध्ये आतड्याचा वरचा भाग वगळला गेल्याने गोळीचे शोषण मंदावू शकते. अनेकांची मात्रा कमी करावी लागते, तर काहींची वाढवावी लागते. म्हणून मात्रा अनुमानाने न ठरवता टीएसएच तपासूनच ठरवावी लागते. या औषधाचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असल्याने मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करणे उचित ठरते.

येथे तीन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी कॅल्शियम व लोहाची पूरके लेव्होथायरॉक्सिनचे शोषण रोखतात. म्हणून ही गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन पूरके किमान चार तासांनी घ्यावीत. दुसरी, शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत केस गळतात आणि त्यासाठी बायोटिन घेतले जाते. काही चाचणीपद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी व टी-४ अधिक दिसते. असा अहवाल पाहून गोळी कमी केल्यास रुग्णाची हानी होते. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबविण्याची शिफारस अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने केली आहे. तिसरी बाब प्रजननक्षम वयातील स्त्रियांची. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते आणि गर्भाच्या मेंदूची प्रारंभीची वाढ मातेच्या थायरॉईड संप्रेरकांवर अवलंबून असते. या काळात गोळी परस्पर बंद करणे दोन जिवांना धोक्याचे ठरते.

समारोप :
स्थूलतेतील टीएसएचची किंचित वाढ हा प्रत्येक वेळी आजार नसतो आणि शस्त्रक्रियेनंतरची तिची घट ही प्रत्येक वेळी रोगमुक्ती नसते. एकाच आकड्यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. शस्त्रक्रियेपूर्वी टीएसएच, टी-४ व प्रतिपिंडे यांची नोंद असल्यास हा भेद पुढे सुलभतेने करता येतो. ती नोंद जपून ठेवणे आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याविना गोळी न थांबविणे, हेच रुग्णाच्या हिताचे आहे.