उन्हानें करपलेली त्वचा आणि पोटांत घेण्याच्या गोळ्या

वर्षानुवर्षें उन्हांत वावरल्यानें त्वचेवर सुरकुत्या व काळसर डाग पडतात. बाहेरून लेप लावण्यापेक्षां पोटांत औषध घेऊन ही हानि भरून काढतां येईल काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. बाजारांत तशा गोळ्या विपुल मिळतात. त्यांवर पैसा खर्चण्यापूर्वी ऑस्ट्रेलियांतील दोन प्रयोगांचें फळ सुज्ञ वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

पहिला प्रयोग क्वीन्सलँड प्रांतांतील नांबूर येथें १९९२ सालीं सुरू झाला. सुमारें १,६०० स्त्रीपुरुषांपैकीं निम्म्यांनीं ऊन अडविणारें मलम रोज लावावें, असें ठरलें. तसेंच निम्म्यांना गाजरांतील रंगद्रव्याची, म्हणजे बीटा-कॅरोटिनची, ३० मिलिग्रॅमची गोळी देण्यांत आली. साडेचार वर्षांनंतर पंचावन्न वर्षांखालील मंडळींच्या हातांवरील त्वचेचे ठसे तपासले. रोज मलम लावणारांच्या त्वचेंत वार्धक्याची वाढ, मर्जीप्रमाणें लावणारांपेक्षां, २४ टक्के कमी आढळली. गोळीचा मात्र कांहींच गुण दिसला नाहीं. इतकेंच नव्हे, तर १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या फिनलंडांतील प्रयोगांत ह्याच द्रव्याच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. तेव्हां विडी-सिगारेट ओढणारांनीं ह्या गोळीपासून दूरच राहावें.

दुसरा प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील औषध निकोटिनमाइड. हें ब-३ जीवनसत्त्वाचें एक रूप होय. उन्हांतील अतिनील किरणांनीं त्वचेच्या पेशींची शक्ति क्षीण होते. ती टिकून राहिली म्हणजे पेशी आपली दुरुस्ती आपणच करूं शकतात, हें त्यामागील तत्त्व. पूर्वी निदान दोनदां त्वचेचा कर्करोग झालेल्या ३८६ जणांपैकीं निम्म्यांना तें ५०० मिलिग्रॅम, दिवसांतून दोनदां, वर्षभर दिलें. त्यांच्यांत मेलॅनोमाखेरीज इतर नवे त्वचाकर्करोग २३ टक्क्यांनीं कमी झाले. परंतु औषध थांबतांच तो लाभही संपला. शिवाय हा प्रयोग रोग टाळण्यासाठीं होता, कांति उजळण्यासाठीं नव्हे; आणि गोऱ्या कातडीच्या लोकांवरील हें फळ आपल्या सावळ्या त्वचेस जसेंच्या तसें लागू पडेल, असें गृहीत धरतां येत नाहीं.

तात्पर्य, झालेली हानि पुसून टाकणारी गोळी म्हणून ह्यांपैकीं एकही सिद्ध झालेली नाहीं. छत्री, डोक्यावरून पदर, मुलांच्या डोक्यावर टोपी व भर दुपारचें ऊन टाळणें, हेच उपाय अजूनहि खरे. एखादा डाग वाढूं लागला, रंग बदलूं लागला किंवा चिघळला, तर गोळ्यांच्या भरंवशावर दिवस न घालवितां त्वरित डॉक्टरांस दाखवावा.