गाडी उंच करण्याचा संच कसा निवडावा

डोंगराळ वाटा, नदीपात्रांतील गोटे आणि चिखलाचे खड्डे यांतून जाणाऱ्या जीपसारख्या गाड्यांची तरुण मनास विलक्षण ओढ असते. आपल्या घरची गाडीही तशी उंच करतां येईल काय, असा प्रश्न पुष्कळ मुलें वडिलांना विचारतात. बाजारांत त्यासाठीं 'बॉडी लिफ्ट किट' या नांवाचे संच मिळतात. या संचानें काय साधतें, काय साधत नाहीं, आणि तो घेतांना काय पाहावें, हें समजून देणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम गाडीची घडण पाहूं. १९४१ सालापासून अमेरिकेंत विलीज कंपनीनें सैन्यासाठीं जी जीप बांधली, तिच्या तळाशीं शिडीच्या आकाराची पोलादी चौकट होती. या चौकटीस चासी म्हणतात. एंजिन, गिअरबॉक्स आणि स्प्रिंगांच्या द्वारें चाकांचे आंस हे सर्व या चासीला जोडलेले असतात. पत्र्याची बॉडी मात्र स्वतंत्र असून ती रबरी गाद्यांवर ठेवून बोल्टांनीं चासीशीं आवळलेली असते. भारतांत १९८५ सालीं आलेली मारुती जिप्सी व २०२० सालीं नव्या रूपांत आलेली महिंद्र थार यांची घडणही शिडीच्या चासीचीच आहे. उलट, आजच्या बहुतेक मोटारींत चासी व बॉडी एकजीव असतात. अशा गाडीस हा संच मुळींच बसत नाहीं. म्हणून निवडीची पहिली पायरी म्हणजे आपल्या गाडीची घडण जाणून घेणें.

संचाचें तत्त्व सोपें आहे. चासी व बॉडी यांच्यामध्यें जेथें जेथें रबरी गादी असते, तेथें एक भक्कम ठोकळा घालावयाचा व मूळच्या बोल्टाऐवजीं तितकाच अधिक लांब बोल्ट वापरावयाचा. ठोकळा साधारणतः एक ते तीन इंच उंचीचा असतो. यानें बॉडी वर उचलली जाते; परंतु एंजिन, चासी व आंस हे होते तेथेंच राहतात.

येथेंच पुष्कळांचा गैरसमज होतो. गाडी दिसावयास उंच झाली, म्हणजे दगडावरून सुखरूप जाईल, असें त्यांना वाटतें. वस्तुतः दगड प्रथम लागतो तो आंसाच्या मधल्या फुगीर भागास, ज्यास डिफरन्शियल म्हणतात, आणि तो भाग या संचानें रेसभरही वर जात नाहीं. त्यास उचलणारी वस्तु एकच, ती म्हणजे मोठें चाक. समजा, मूळ टायरचा व्यास २९ इंच आहे व त्याऐवजीं ३१ इंच व्यासाचा टायर लावला. चाकाचा मध्य जमिनीपासून त्रिज्येइतका उंच असतो. म्हणून लाभ दोन इंचांचा न होतां एकाच इंचाचा होतो. बॉडी उचलण्याचा खरा उपयोग एवढाच, कीं असा मोठा टायर वळतांना व उसळतांना पत्र्यास घासत नाहीं. मोठ्या टायरचा आणखी एक परिणाम ध्यानांत ठेवावा. वरील उदाहरणांत वेगमापक ६० दाखवील, तेव्हां गाडी सुमारें ६४ च्या वेगानें धांवत असेल.

मग स्प्रिंगा बदलून सबंध चासीच उंच कां करूं नये? तसेंही करतात, व त्यानें चासीचा तळ वर जातो. परंतु तितक्याच उंचीस गाडीचा गुरुत्वमध्य त्या पद्धतींत अधिक वर सरकतो, आणि वळणावर उलटण्याचें भय वाढतें. बॉडी लिफ्टमध्यें एंजिनासारखे जड भाग खालींच राहत असल्यामुळें हें भय तुलनेनें कमी असतें. पण नाहींसें होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष निवड. उंची शक्य तितकी कमी घ्यावी. ठोकळा जितका उंच, तितका बोल्टास वाकविणारा जोर अधिक. एक इंचाच्या संचास बहुधा थोडेच फेरफार पुरतात. तीन इंचांस मात्र सुकाणूचा दांडा, गिअरचे दांडे, रेडिएटरच्या पंख्याभोंवतालचें आवरण, पेट्रोल भरण्याची नळी, विजेच्या तारा आणि ब्रेकच्या नळ्या या प्रत्येकाचा विचार करावा लागतो. आपल्याच गाडीच्या नमुन्यासाठीं व सालासाठीं बनविलेला, आणि या जोडांचे तुकडे सोबत देणारा संच घ्यावा. ठोकळे अखंड असावेत. दोन लहान ठोकळे एकावर एक रचून उंची साधूं नये. बोल्टाच्या डोक्यावरील अंक वाचावा, ८.८ पेक्षां १०.९ या अंकाचा बोल्ट अधिक बळकट असतो. जुन्या रबरी गाद्या चिरल्या असतील, तर त्याही त्याच वेळीं बदलाव्या. संच बसविल्यावर सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कोणतीही नळी ताणली जात नाहीं ना, हें पाहावें, आणि कांहींशें किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हां तपासावे. ब्रेकची ताणलेली नळी अंगणांत दोष दाखवीत नाहीं. ती दगा देते ती घाटाच्या उतारावर, आणि तेव्हां गाडींत आपलींच माणसें बसलेलीं असतात.

पालकांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये, असें मोटार वाहन अधिनियम, १९८८ चें ५२ वें कलम सांगतें. आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ स्पष्ट केला. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. परवानगी नसेल, तर तेथेंच थांबावें.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रास हात लावण्यापूर्वीं 'मला नक्की काय हवें आहे?' हा प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय ठेवा. दगड चुकवावयाचा असेल, तर बहुधा योग्य टायर व सावध चालकच पुरे होतात. केवळ लोकांच्या नजरेंत भरावें म्हणून गाडी उंच करावयाची असेल, तर त्या दोन इंचांसाठीं आपण काय पणास लावतों, याचा हिशेब आधीं मांडावा. तो मांडण्यापुरतें गणित आपणांस शाळेंत शिकविलेलेंच आहे.