पन्नाशीत हाती आलेली हॉकी स्टिक

१९७५ साली क्वालालंपूर येथे भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळला गेला आणि जगज्जेत्या भारताला सातव्या स्थानावर समाधान मानावे लागले. गवतावर हयात घालवलेल्या खेळाडूंना चेंडूचा वेग, उसळी, धावण्याची लय हे सारे नव्याने शिकावे लागले. नवशिकेपण असे निष्णातांनाही चुकत नाही. मग आयुष्यभर मैदानाबाहेर उभ्या राहिलेल्या गृहस्थाने त्याचा एवढा संकोच का बाळगावा?

मे महिन्यात ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे मुलांना क्रीडाशिबिरात सोडायला आलेले पालक पाण्याची बाटली सांभाळत कडेला उभे असतात. प्रौढांनीही शिकायला उतरावे, ही कल्पना आपल्याकडे अजून रुळलेली नाही. नेदरलँड्समध्ये प्रौढांसाठी ‘ट्रिमहॉकी’ आहे, इंग्लंडमध्ये तर चालत खेळायची हॉकीही आहे. भारतात २०२५ साली चेन्नईत पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. पुरुषांसाठी किमान वय ४०, स्त्रियांसाठी ३५. अर्थात ती स्पर्धा, शिबिर नव्हे.

नवशिक्याचा पहिला दिवस बहुधा वाकण्यातच जातो. गुडघे दुमडायचे, पाठ शक्य तितकी सरळ ठेवायची आणि नजर मात्र चेंडूवरून उचलायची. लोकलमध्ये तासभर उभे राहण्याचा सराव येथे काही कामाचा नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या जिना उतरू देत नाहीत. डावा हात स्टिकच्या टोकाशी घट्ट, उजवा खाली आणि सैल. स्टिक फिरवतो तो डावा, उजव्याने केवळ आधार द्यायचा. जन्मभर उजव्या हाताने सह्या केलेल्या माणसाला हे उमगायलाच आठवडा लागतो. स्टिकची सपाट बाजू एकच, डावीकडची. गोल बाजूने चेंडू अडवला की फाऊल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमात बसत नाही, त्यामुळे त्यांनाही तिच्याशीच जुळवून घ्यावे लागते.

चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक. पिंडरीवर शिनगार्ड व तोंडात माऊथगार्ड हवाच. हल्लीचा चेंडू प्लास्टिकचा असतो आणि स्टिक बहुधा कार्बन किंवा काचतंतूची, तेव्हा चामड्याच्या कारणाने क्रिकेटच्या चेंडूपासून दूर राहिलेल्यांची येथे अडचण उरत नाही. संध्याकाळच्या सरावाने चोविहार मोडत असेल, तर सकाळची वेळ निवडावी. चाळिशीनंतर रक्तदाब व हृदय तपासल्यावाचून मात्र मैदानावर उतरूच नये.

खरा प्रश्न गुडघ्यांचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो येईनासा होतो, तो दुखण्यापेक्षा हसण्याला भ्यालेला असतो. प्रशिक्षक मुलाच्या वयाचा, आणि ‘काका, स्टिक खाली’ असे तो चारचौघांत ओरडतो. कार्यालयात ज्याच्या सहीवाचून कागद हलत नसे, त्याला हे झोंबते. खेळाचा एक नियम येथे उपकारक ठरतो. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात आणि बाहेर आलेला पुन्हा आत जाऊ शकतो. दम लागला की काकांनी बाकावर येऊन बसावे, दोन घोट पाणी प्यावे आणि हाक आली की स्टिक घेऊन पुन्हा मैदानात उतरावे.